बाथ बॉम्बचा साचा घेण्याआधी गिऱ्हाईकाचं बाथरूम बघा



गेल्या आठवड्यात दुपारी, दुकानात गर्दी नव्हती तेव्हा, एक ताई आल्या. हातात मोठी कापडी पिशवी. काउंटरवर त्यांनी त्यातले बॉक्स एकेक करून उघडले. आत बाथ बॉम्ब होते, एकूण 64 नग. काहींना तडे गेलेले, काही फुगून साच्याचा आकार सोडून बसलेले, काहींवर फोड आल्यासारखे दाणे. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा व्हिडिओ बघूनच केले होते. माझं काय चुकलं?"

मी त्यांची वही बघितली. सोडा, सायट्रिक ॲसिड, तेल, सुगंध, सगळं प्रमाण बरोबर होतं. रेसिपीत काहीच चुकलेलं नव्हतं. साच्यांना 1,800, सामानाला 4,200, बॉक्स आणि स्टिकरला 5,400. एकूण 11,400 रुपये गेले होते, आणि ते त्यांनी भिशीचे घातले होते.

त्या रात्री मी माझाच दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ परत बघितला. अकरा मिनिटांत मी साचा कसा दाबायचा ते सांगितलंय, रंग कसा घालायचा ते सांगितलंय. हे कोण विकत घेणार, कोण परत घेणार, पावसाळ्यात काय होणार, आणि विकायला परवाना लागतो का, यावर एक वाक्य नाही. म्हणून आज हे लिहिते आहे. माझं मत सरळ आहे: बाथ बॉम्ब शिकायला सोपा आहे, पण आपल्याकडे तो जसा आहे तसा धंदा म्हणून सुरू करू नका. का ते सांगते, आणि त्यातून काय घेता येईल तेही सांगते.

हा माल मुळात कुणासाठी बनला?

बाथ बॉम्ब 1989 मध्ये इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन यांनी बनवला. पुढे लश या कंपनीच्या स्थापनेत त्या होत्या. पाण्यात फसफसणारी पित्तावरची गोळी बघून त्यांना कल्पना सुचली. तिथल्या घरात टब असतो, थंडी असते, संध्याकाळी अर्धा तास टबात पडून राहायची सवय असते. म्हणजे माल आधी आला आणि गिऱ्हाईक नंतर शोधलं असं झालं नाही. बाथरूम आधीच तयार होतं.

आता आपल्याकडे या. तुमच्या ओळखीतल्या दहा घरांत टब किती? आपण बादली आणि तांब्या, नाहीतर शॉवर. टबात साधारण 150 लिटर पाणी मावतं, आणि 120 ग्रॅमचा गोळा त्या हिशोबाने बेतलेला असतो. तोच गोळा 15 लिटरच्या बादलीत टाकला की सगळं दहापट तीव्र झालं. सुगंध तीव्र, रंग तीव्र, तेल तीव्र. वर आपण तांब्याने पाणी घेतो, म्हणजे ते तेल सरळ फरशीवर. घरात सासूबाई असतील, लहान मूल असेल, तर पाय घसरला म्हणून पहिला फोन तुम्हाला येणार.

माझ्या दुकानात मी हे विकलेत. राखीला गेले, व्हॅलेंटाइनला गेले, कुणाच्या केळवणाच्या हॅम्परमध्ये गेले. बॉक्स छान दिसतो, भेट म्हणून लोक उचलतात. पण "तो मागच्या वेळचा संपला, अजून एक द्या" असं म्हणत परत आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. ज्याला भेट मिळाली तो कपाटात ठेवतो, सहा महिन्यांनी ओल धरली की टाकून देतो.

बीबीएला असताना रिपीट परचेस हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. दुकान टाकल्यावर त्याचा अर्थ कळला. अगरबत्तीवाला, पापडवाली काकू, उटणं करणारी बाई, हे सगळे त्याच्यावर जगतात. उटणं वर्षातून एकदाच लागतं, पण नरकचतुर्दशी आली की त्याची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. बाथ बॉम्बची आठवण मात्र दरवेळी तुम्हालाच करून द्यावी लागते, आणि तेही जाहिरातीचे पैसे घालून.

आषाढात काय होतं?

ताईंच्या 64 नगांचं काय झालं ते समजून घ्या, म्हणजे तुमचं नुकसान टळेल.

खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, कोरडे असेपर्यंत एकमेकांच्या शेजारी गुपचूप बसतात. पाणी लागलं की त्यांची क्रिया सुरू होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच तो फेस. आता पाणी म्हणजे फक्त बादलीतलं नाही. हवेतला दमटपणासुद्धा पाणीच आहे. आमच्या कोल्हापुरात जुलैमध्ये भिंतीला ओल येते, मीठ पाझरतं, तिथे हा गोळा कोरडा कसा राहील? तो आतल्या आत हळूहळू फसफसत राहतो, फुगतो, तडकतो. आणि गिऱ्हाईकाने पाण्यात टाकला तेव्हा नुसता दगडासारखा बुडतो, कारण त्याचा फेस तुमच्या कपाटातच संपलेला असतो.

ज्यांना शिकायचंच आहे त्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवा:

- प्रमाण वजनाने घ्या, वाटीने नाही. दोन भाग सोडा, एक भाग सायट्रिक ॲसिड. रसायनाच्या हिशोबाने 100 ग्रॅम कोरड्या सायट्रिक ॲसिडला साधारण 131 ग्रॅम सोडा पुरतो. आपण 200 घालतो, म्हणजे आम्ल पूर्ण संपतं आणि थोडा सोडा उरतो. त्वचेसाठी ते बरं.
- सायट्रिक ॲसिडच्या पाकिटावर अ‍ॅनहायड्रस लिहिलंय का ते बघा. मोनोहायड्रेट प्रकारात वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी आधीच असतं.
- मिश्रण बांधायला पाण्याचा शिपका मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रे बाटलीतून थोडं थोडं घाला, ते उडून जातं. पण ते पेट घेतं. गॅस, निरांजन, अगरबत्ती जवळ नको, खिडकी उघडी हवी.
- मास्क लावा. सायट्रिक ॲसिडची धूळ नाकात आणि डोळ्यांत झोंबते.
- सुगंधी तेल एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आत ठेवा. दालचिनीचं तेल त्वचेला भाजल्यासारखं करतं, ते टाळा.
- हवेतला दमटपणा मोजणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, ते घ्या. काटा 50 च्या वर असेल तर त्या दिवशी बॅच लावू नका. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत आणि आमच्याकडेही हे काम बंदच समजा.

म्हणजे चार महिने उत्पादन बंद. एसी आणि डीह्युमिडिफायर लावून करता येतं, पण मग त्याचं बिल खर्चात धरा. आणि तिथेच पुढची गंमत आहे.

12 रुपयांचा गोळा 56 ला कसा पडतो?

व्हिडिओत सगळे सांगतात, मीही सांगितलं होतं, की नगाला 12 रुपये खर्च येतो आणि 99 ला विकला जातो. हा माझ्याच एका बॅचचा हिशोब बघा. भाव तुमच्या गावात वेगळे असतील, ते घालून परत करा.

एक किलो सोडा 80 रुपये, अर्धा किलो सायट्रिक ॲसिड 90. इथपर्यंत 170 झाले. यातून 120 ग्रॅमचे 15 नग निघतात, म्हणजे नगाला साडेअकरा रुपयेसुद्धा नाहीत. व्हिडिओतले 12 रुपये ते हेच.

आता पुढे चला. कॉर्नफ्लोअर 30, तेल 50, सुगंध 75, रंग 15. सामान झालं 340. वजन करणं, मळणं, दाबणं, सुकवणं, गुंडाळणं मिळून अडीच तास गेले. ताशी फक्त 60 रुपये धरले तरी 150. पंधरातले दोन तडकले, हे चांगल्या हवेत. उरले 13. म्हणजे नगाला सामान 26, मजुरी साडेअकरा, श्रिंक रॅप, बॉक्स आणि स्टिकर 18. एकूण 56 रुपये.

99 ला दुसऱ्याच्या दुकानात ठेवला तर तो तीस टक्के मागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, त्यालाही भाडं आहे. तुमच्या हातात 69 येतात. राहिले 13 रुपये. त्यात वीज नाही, पेट्रोल नाही, न विकलेला माल नाही. कुरियर तर नाहीच. कुरियरचं आठवलं म्हणून सांगते. एकदा मी पार्सलच्या चिठ्ठीवर मराठीत ठळक "बाथ बॉम्ब" लिहून दिलं, आणि काउंटरवरच्या मुलाने पार्सल उघडायला लावलं. तो बिचारा त्याचं काम करत होता. तेव्हापासून "स्नानाची फसफसणारी गोळी" असं लिहिते.

"मॅडम, मजुरी कशाला धरायची, मी घरीच तर असते," असं बायका मला हमखास म्हणतात. ताई, तुम्ही घरी असता म्हणून तुमचा वेळ फुकट होत नाही. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला कुणी ठेवलं, तर तिला पैसे द्यायचे की नाहीत? मग आज स्वतःला का नाही?

जे कुणी सांगत नाही: परवाना

आता मुख्य मुद्दा. यासाठी मी हा लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल.

अंगाला लावायची, अंगावर ओतायची, स्वच्छता किंवा सौंदर्यासाठीची वस्तू आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आहे, आणि त्याखाली 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. ती वस्तू विकण्यासाठी बनवायची तर उत्पादन परवाना लागतो. तो आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए देतं. स्वतःच्या जागेत बनवायचं तर अर्ज फॉर्म सीओएस-5 मध्ये. दुसऱ्या परवानाधारकाच्या जागेत बनवून घ्यायचं तर लोन लायसन्स, त्याचा अर्ज सीओएस-6 मध्ये. जागेच्या अटी असतात, पात्र तांत्रिक माणूस लागतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे बसत नाही.

"पण माझ्याकडे उद्यम आहे." उद्यम म्हणजे उद्योगाची नोंदणी, ती बनवायची परवानगी नाही. "माझ्याकडे शॉप ॲक्ट आहे." तो दुकानाचा. "फूड लायसन्स आहे." ते खाण्याच्या वस्तूंचं. सोडा खाण्याचा असला तरी गोळा खाण्याचा नाही.

लेबलवरही नुसतं ब्रँडचं नाव आणि फुलाचं चित्र चालत नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं, घटकांची यादी, वजन, एमआरपी हे सगळं यावं लागतं. ताईंच्या 5,400 रुपयांच्या बॉक्सवर यातलं फक्त वजन होतं.

कुणी म्हणेल, एवढ्या छोट्या माणसाला कोण बघायला येतंय? खरंय, कदाचित येणारही नाही. पण एखाद्या मुलीच्या अंगाला पुरळ उठली, तिच्या आईने तक्रार केली, तर त्या दिवशी तुमच्या हातात कागद काय आहे? आणि दुसरं, मोठी ऑर्डर कधी ना कधी येते. हॉटेल विचारतं, कंपनीचं दिवाळी गिफ्ट विचारतं. पहिला प्रश्न परवान्याचा असतो. तिथे तुम्ही अडता, आणि कागद असलेला माणूस ऑर्डर घेऊन जातो. माझ्या मते परवाना हा अडथळा नाही, तुमच्या धंद्याचं वय तो ठरवतो.

मग करायचं काय?

मी नुसतं "करू नका" म्हणून थांबणार नाही. तीन वाटा दिसतात.

पहिली वाट: टब नाही, पण पाय आहेत. आपल्या प्रत्येक घरात प्लॅस्टिकचा टब किंवा घमेलं असतं. दिवसभर उभं राहणाऱ्या बायका किती आहेत बघा. शिक्षिका, नर्स, कपड्याच्या दुकानातल्या मुली, पोळ्या लाटणाऱ्या मावशी. सहा लिटर कोमट पाण्यात पाय भिजवायला 20-25 ग्रॅमची चपटी वडी पुरते. गोल नको, चपटीच, ती कमी तुटते आणि साचाही स्वस्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्युटी पार्लरला पेडिक्युअरसाठी हे रोज लागतं. पार्लर परत परत घेतं. हेच ते रिपीट गिऱ्हाईक. पायाला जखम असेल किंवा मधुमेह असेल तर पाय भिजवू नयेत, ही सूचना मात्र ठळक छापायची.

दुसरी वाट: बनवू नका, बनवून घ्या. एमआयडीसीत साबण आणि क्रीमचे परवानाधारक छोटे कारखाने असतात. त्यांच्याकडे जागा, माणूस, कोरडी खोली असते. तुमच्याकडे गिऱ्हाईक असेल, पॅकिंगची नजर असेल, सुगंधाची निवड असेल. त्यांच्याकडून करून घ्या, कागदपत्रं नीट करून आपल्या नावाने विका. हाताने बनवायची मजा जाते, पण रात्री झोप लागते.

तिसरी वाट: गोळा विकू नका, बनवण्याचा अनुभव विका. मुलांच्या वाढदिवसाला, शाळेच्या सुट्टीच्या शिबिराला, सोसायटीच्या महिला दिनाला दोन तासांचं वर्कशॉप. मुलं स्वतः बनवतात, स्वतः घेऊन जातात, आणि आम्ल-अल्कली डोळ्यांनी बघतात. यात तुमची कमाई शिकवण्याची आहे. तरीही एकदा एफडीएच्या कार्यालयात जाऊन तुमची पद्धत सांगून विचारून घ्या. विचारायला पैसे लागत नाहीत.

या तिन्हीत एक गोष्ट मात्र माझी हट्टाने सांगायची आहे. मोदकाच्या साच्यात, लाडवाच्या आकारात, कपकेकसारखं क्रीम लावून हे बनवू नका. रीलला लाइक मिळतील. पण गणपतीच्या दिवसांत टेबलावर ठेवलेला गुलाबी मोदक चार वर्षांच्या पोराने तोंडात घातला तर? खाण्यासारखी दिसणारी न खाण्याची वस्तू घरात असूच नये.

आणि थोडं माझ्याबद्दल

माझ्या त्या व्हिडिओचं शीर्षक होतं, "घरबसल्या बाथ बॉम्ब, महिन्याला 50 हजार". त्यावर लोक आले, वर्कशॉप भरले, माझ्या दुकानातून साचे आणि सायट्रिक ॲसिड गेलं. माझा धंदा झाला. तुमचा झाला की नाही, हे मी कधी विचारलं नाही. हे प्रशिक्षण क्षेत्रातलं सगळ्यात सोयीचं गणित आहे. शिकणाऱ्याचा माल विकला गेला नाही तरी शिकवणाऱ्याची फी आधीच जमा झालेली असते.

तो व्हिडिओ मी काल काढून टाकला. परवान्याचा आणि हिशोबाचा भाग घालून नवा करते आहे, शीर्षकात आकडा नसेल. आणि इथून पुढे कुठल्याही ट्रेनरकडे जाल, माझ्याकडेसुद्धा, तर फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुमच्याकडून शिकून सहा महिन्यांनंतरही विकत असलेल्या दोन जणांशी मला बोलायला मिळेल का?" ट्रेनर घुटमळला तर पैसे खिशात ठेवा.

ताईंना मी त्या दिवशी सामानाचे पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसे राहू देत, पुढं काय करू ते सांगा." फुटलेले गोळे कुटून डब्यात भरून ठेवायला सांगितलं, घरी पाय भिजवायला होतील, विकायचे नाहीत. बॉक्सवर नवं स्टिकर बसू शकतं, म्हणजे तेवढे वाचले. आता त्या एका साबण कारखान्याशी वडीबद्दल बोलत आहेत. जमेल की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण यावेळी त्यांनी साचा घेण्याआधी चार पार्लरमध्ये जाऊन विचारलं. दोघींनी नाही म्हटलं, एकीने नमुना मागितला, आणि एकीने विचारलं, "महिन्याला किती देऊ शकाल?"

तुम्हीही या आठवड्यात साच्याची ऑर्डर थांबवा आणि तीन कामं करा. ज्यांना विकायचं आहे त्यांच्यापैकी पाच जणांना आंघोळ कशी करता ते विचारा, हसतील, विचारा तरी. वरचा हिशोब स्वतःच्या भावाने वहीत मांडा, मजुरीसकट. आणि जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात एक चक्कर मारा. तिन्ही करून आलात आणि तरीही वाटलं की करायचंय, तर या दुकानात. साचा मी देईन, आणि यावेळी पूर्ण माहिती देऊन देईन.

तुमचा हिशोब किती आला ते कमेंटमध्ये लिहा. भेटूया नव्या व्हिडिओत!